बाळंतपणाविना पान्हा

दूध यायला बाळंतपण लागतं, ही समजूत इतकी पक्की आहे की त्यापलीकडचं काही कानावर आलं की लोक आधी विकृतीचा शिक्का मारून मोकळे होतात. शरीरशास्त्र मात्र निराळं सांगतं. कधीही गरोदर न राहिलेल्या स्त्रीलाही दूध येऊ शकतं, आणि काही प्रौढ जोडपी परस्परसंमतीने, शरीरसुखासाठी आणि जवळिकीसाठी, या शक्यतेचा लाभ घेतात. इंग्रजी जगात या प्रकाराला ‘ॲडल्ट नर्सिंग रिलेशनशिप’ म्हणतात. काही घरांत मूल झाल्यानंतर हे आपसूक घडतं. काही जण त्यासाठी महिनोन्‌महिने खटपट करतात.

सगळी सूत्रं मेंदूकडे असतात. पियूषिका ग्रंथीतून प्रोलॅक्टिन हे संप्रेरक स्रवतं. दूध बनवणं हे त्याचं काम. एरवी डोपामिन त्याला दाबून ठेवतं. स्तनाग्र चोखलं गेलं की मज्जातंतूंवाटे हायपोथॅलॅमसला वर्दी जाते, डोपामिनची पकड सैल होते आणि प्रोलॅक्टिन वाढतं. पण दूध बनलं म्हणजे बाहेर आलं असं नव्हे. त्यासाठी ऑक्सिटोसिन लागतं. ते दूधग्रंथींभोवतीच्या बारीक स्नायुपेशी आवळतं, तेव्हा कुठे पान्हा फुटतो. चोखणारं तोंड तान्ह्याचं की मिशीवाल्याचं, याची चौकशी या यंत्रणेत कुठेच होत नाही. वासरू दगावलेल्या गाईपुढे पेंढा भरलेलं कातडं ठेवून तिला पान्हवणाऱ्या गवळ्याला हे विज्ञान कुणी शिकवलेलं नसतं, पण ठाऊक असतं.

हेच ऑक्सिटोसिन कामतृप्तीच्या क्षणीही रक्तात उसळतं. म्हणून अंगावर पाजणाऱ्या काही स्त्रियांना समागमाच्या वेळी आपोआप दूध सुटतं. 2011 साली अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी स्त्रियांच्या मेंदूची चित्रणं घेतली, तेव्हा स्तनाग्रांच्या स्पर्शाने जननेंद्रियांच्या संवेदना टिपणारा भागही जागा होताना दिसला. बाळाला पाजताना क्वचित शरीरसुखाची जाणीव झाली म्हणून मनातल्या मनात स्वतःला कोसणाऱ्या आयांना ही गोष्ट कुणीतरी वेळेवर सांगायला हवी. ती मज्जातंतूंची रचना आहे, चारित्र्याचा दोष नाही.

मूल न होता दूध आणायचं तर चिकाटी लागते. तोंडाने किंवा पंपाने, दर दोन-तीन तासांनी, जमेल तर रात्रीही उठून स्तनांना उत्तेजन द्यावं लागतं. कित्येक आठवड्यांनी स्तनाग्रावर पारदर्शक किंवा पिवळसर थेंब दिसतो. पुष्कळांची मजल तिथेच थांबते. दत्तक मूल घेणाऱ्या आयांसाठी कॅनडात न्यूमन-गोल्डफार्ब पद्धत विकसित झाली. तीत आधी संप्रेरकांच्या गोळ्यांनी गरोदरपणाचा आभास निर्माण करतात, डोमपेरिडोनने प्रोलॅक्टिन वाढवतात आणि मग संप्रेरकाच्या गोळ्या थांबवून पंप सुरू करतात. आपल्याकडे उलटीवर दिलं जाणारं हेच ते डोमपेरिडोन. त्याने हृदयाची लय बिघडू शकते. अमेरिकी औषध प्रशासनाने दूधवाढीसाठीच्या त्याच्या वापराविरुद्ध 2004 मध्येच इशारा दिला होता. हौसेपोटी ते मनाने घेणं म्हणजे शुद्ध आततायीपणा.

चित्रकारांना प्रौढाच्या स्तनपानाचं भारी आकर्षण. तुरुंगात उपासमारीने मरायला टाकलेल्या सिमॉन या बापाला त्याची मुलगी पेरो चोरून आपलं दूध पाजते, ही रोमन कथा. कॅराव्हॅजोने 1607 मध्ये नेपल्समधल्या चित्रात ती आणली. गजांतून डोकं बाहेर काढलेला म्हातारा, मान वळवून भेदरल्यासारखी पाहणारी पेरो आणि म्हाताऱ्याच्या दाढीवर अडकलेला दुधाचा एक थेंब! रूबेन्सनेही हा विषय एकाहून अधिक वेळा रंगवला. नाव पितृभक्तीचं, पण त्या उघड्या स्तनांवर त्याचा कुंचला जितका रेंगाळतो तितका म्हाताऱ्याच्या भुकेवर रेंगाळत नाही, असं मला तरी वाटतं. फ्रेंच कथाकार मोपासाँच्या 1884 मधल्या कथेत भक्तीचा आडोसाही नाही. आगगाडीच्या डब्यात दूध साठून ठणकणारी एक दाई आणि उपाशी तरुण मजूर समोरासमोर येतात, आणि दोघंही एकमेकांचे आभार मानतात.

या दुधाने मोठ्या माणसाला ताकद येते, हा दावा मात्र पोकळ आहे. मानवी दुधात प्रथिनं जेमतेम एक टक्का, गाईच्या दुधात त्याच्या तिप्पट. साखर मात्र जास्त, सुमारे सात टक्के. म्हणून ते पातळ आणि गोड लागतं. इंटरनेटवरून अनोळखी बाईचं दूध विकत घेणं तर धोक्याचंच, कारण एचआयव्हीसारखे विषाणू दुधातून जाऊ शकतात. घरात तान्हं मूल असेल तर आधी त्याचं पोट. एरवी मागणी वाढली की पुरवठाही बऱ्यापैकी वाढतो. गरोदरपणात अकाली प्रसूतीची भीती असेल तर हा खेळ टाळावा, कारण ऑक्सिटोसिनने गर्भाशयही आकुंचन पावतं.

काहीही न करता दूध येऊ लागलं, तर डॉक्टरांना दाखवावं. मानसिक आजारावरची काही औषधं किंवा पियूषिकेतली गाठ त्यामागे असू शकते, आणि रक्तातलं प्रोलॅक्टिन तपासून पुढची दिशा कळते. मुद्दाम आणलेलं दूध बंद करायचं असेल तर पाजण्याच्या वेळा हळूहळू कमी करत जाव्यात. एकदम थांबवलं तर दूध साठून स्तन दगडासारखे कडक होतात, ताप भरतो आणि कधी कधी गळूही होतं.