रोटरीची हजेरी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

रोटरी क्लबची सभा दर आठवड्याला भरलीच पाहिजे, असे अनेक सभासद आजही मानतात. या समजुतीला जुना आधार आहे. 23 फेब्रुवारी 1905 रोजी पॉल हॅरिस या वकिलाने शिकागोत तीन व्यावसायिक मित्रांसह पहिली बैठक घेतली. पुढच्या बैठका आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भरू लागल्या, आणि साप्ताहिक सभा ही रोटरीची ओळखच बनली. मुंबईत 1929 मध्ये क्लब निघाला तोही याच परंपरेत. मात्र 2016 च्या विधान परिषदेने (रोटरीचे नियम ठरवणारी ही परिषद दर तीन वर्षांनी भरते) क्लबांना मोकळीक दिली. आता महिन्यातून किमान दोन सभा पुरतात आणि त्या ऑनलाइनही घेता येतात. हजेरीचे नियमही क्लबला आपल्या उपविधींत बदलता येतात. त्यामुळे शेजारच्या क्लबचा नियम आपल्यालाही लागू असेल असे गृहीत धरू नये.

‘चार सभा चुकल्या की सभासदत्व गेले’ हा सर्वांत जास्त धास्ती घालणारा समज. रोटरी क्लबांच्या प्रमाण घटनेत सलग चार गैरहजेरींचा उल्लेख आहे हे खरे. पण तेवढ्याने नाव आपोआप कमी होत नाही. संचालक मंडळाने आधी त्या सभासदाला कळवावे लागते आणि मग बहुमताने निर्णय घ्यावा लागतो. आजारपण, परगावी बदली, घरातील अडचण अशा रास्त कारणासाठी मंडळ रजा मंजूर करू शकते. एरवीची अपेक्षाही अवघड नाही: वर्षाच्या प्रत्येक सहामाहीत निम्म्या सभांना हजेरी किंवा तिची भरपाई, नाहीतर क्लबच्या प्रकल्पांत किमान 12 तास काम, किंवा दोन्हींचा प्रमाणशीर मेळ. रोटरीचे वर्ष 1 जुलैला सुरू होते, म्हणून सहामाहीचा हिशोबही तिथूनच धरायचा.

भरपाईला क्लबांमध्ये ‘मेक-अप’ म्हणतात, आणि त्यासाठी दुसऱ्या क्लबच्या सभेलाच जावे लागते असा ग्रह असतो. प्रत्यक्षात रोटरॅक्ट किंवा इंटरॅक्ट या रोटरीच्या युवा क्लबांची सभा, मंडळाची वा समितीची बैठक, क्लबच्या सेवा प्रकल्पातील सहभाग हे सगळे चालते. रक्तदान शिबिरात सकाळभर राबलेल्या सभासदाने आपली हजेरी सचिवाकडे नोंदवली नाही, तर कागदावर तो गैरहजरच राहतो. असे वारंवार घडते आणि ते त्या सभासदावर अन्याय करणारे आहे. उलट सही करून चहा होताच निघून जाणाऱ्याची हजेरी धरता येत नाही. सभेचा किमान 60 टक्के वेळ उपस्थित राहावे लागते, म्हणजे तासाभराच्या सभेत 36 मिनिटे. मध्येच तातडीचे काम निघून उठावे लागले, तर मंडळ ते समजून घेऊ शकते.

ज्येष्ठांना वयामुळे आपोआप सूट मिळते, हाही समज चुकीचा आहे. वय आणि सभासदत्वाची वर्षे यांची बेरीज 85 किंवा अधिक हवी, सभासदत्व किमान 20 वर्षांचे हवे, सभासदाने सचिवाला लेखी कळवावे लागते आणि मंडळाची मान्यता लागते. 60 वर्षांच्या, 25 वर्षे सभासद असलेल्या व्यक्तीला सूट मागता येते. 70 वर्षांच्या, 15 वर्षे सभासद असलेल्या व्यक्तीची बेरीजही 85 च होते, पण तिला ती मिळत नाही.

दंड आणि बक्षिसे यांनी हजेरी वाढते, या समजुतीवर मात्र फेरविचार व्हायला हवा. शंभर टक्के हजेरीचा सत्कार आनंदाचा असला तरी तो बहुधा नेहमी येणाऱ्यांचाच होतो. न येणाऱ्यांची कारणे वेगळी असतात: अर्धा तास उशिरा सुरू होणारी सभा, लांबलेल्या सूचना, वक्ता कोण याचा आधी पत्ता नसणे. सर्वांत मोठे कारण म्हणजे नव्या सभासदाकडे कोणतेच काम नसणे. दोन सभांना न दिसलेल्या माणसाला तिसरीपूर्वी आपुलकीचा फोन करणे, सभा ठरल्या वेळी सुरू करून ठरल्या वेळी संपवणे आणि प्रत्येक नव्या सभासदाला पहिल्या महिन्यातच एखादी जबाबदारी सोपवणे, हे उपाय दंडापेक्षा अधिक विश्वासाचे आहेत. ज्याच्यावाचून स्वागत, हिशेब किंवा शाळेतील आरोग्य तपासणीची आखणी अडते, तो येतो.

प्रकल्पात हात दिला की सभेची गरज नाही, असेही काही कार्यकर्ते मनापासून मानतात. हजेरीच्या हिशोबात ते बऱ्याच अंशी खरे आहे. पण प्रकल्प कोणता घ्यायचा आणि निधी कुठे वळवायचा ही चर्चा सभेत होते. पदाधिकाऱ्यांची निवडणूकही 31 डिसेंबरपूर्वी होणाऱ्या वार्षिक सभेतच होते. तिथे मत द्यायचे असेल, तर त्या दिवशी सभेला हजर असावे लागते.