बांध भूकंपानं सरकवला तर?

शेजाऱ्यानं वीतभर बांध कोरला, की दिंडोरी असो वा निफाड, भांडण ठरलेलं! मग मोजणीचा अर्ज जातो, भूकरमापक येतो, नकाशा उलगडतो. पण समजा, बांध खुद्द जमिनीनंच सरकवला. आता तक्रार कुणाविरुद्ध करणार?

खरं तर आपली जमीन रोजच सरकते आहे. भारतीय भूपट्ट वर्षाला साधारण ५ सेंटिमीटर ईशान्येकडे चाललाय; द्राक्षबागा, गोदाघाट, तुमची शाळा, सगळं पाठीवर घेऊन. धावत्या एसटीत शेजारचा प्रवासी आपल्यापासून लांब जातो का? तसंच हे.

भांडण लागतं ते जमीन मधोमध तुटून सरकली तर. १९०६ साली कॅलिफोर्नियात मोठा भूकंप झाला. सॅन अँड्रियास नावाच्या भेगेवरून एक सरळ लाकडी कुंपण गेलं होतं. ते तुटलं, आणि त्याची दोन टोकं सुमारे ५ मीटर अंतरावर जाऊन थांबली. कागदावर हद्द सरळ, रानात तुटकी. मग खरी कुठली?

न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्च परिसरातल्या भूकंपांनंतर हाच पेच पडला. २०१६ साली तिथे कायदाच झाला: भूकंपानं जमीन हलली, तर हद्दही तिच्याबरोबर हलली असं धरायचं. दरड घसरली असेल तर मात्र नाही. शहाणपणाचा कायदा! कारण हल्ली मोजणीला येणारं रोव्हर यंत्र उपग्रहांच्या मदतीनं जागा शोधतं. माती सरकली आणि आकडे जुनेच राहिले, तर हद्दीची खूण थेट शेजाऱ्याच्या विहिरीत!

नाशिकला एवढी धास्ती नको. कळवण, पेठ, सुरगाण्याकडे धक्के बसतात, दिंडोरी रोडवरच्या ‘मेरी’ संस्थेत त्यांची नोंद होते. पण बांध हलवण्याचा जोर त्यांच्यात नसतो.

किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंप झाला, तेव्हा मात्र गावंच हलली. ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. काल ज्या गटात ज्वारी होती, तिथे गावठाण आलं. नवं घर केवढं मिळणार, हे ठरलं जमिनीवरून: भूमिहीनांना आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांना २५० चौरस फूट, सात हेक्टरांच्या वर असलेल्यांना ७५०. हा हिशेब मला काही पटलेला नाही. भूमिहीनाच्या घरातही माणसं तेवढीच असतात.