डिपस्टिकवरचं दुधाळ ऑइल

पद्मिनीची डिपस्टिक बाहेर ओढली आणि टोकाला काळ्या ऑइलऐवजी कॉफीत दूध घातल्यासारखा फेस दिसला. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या घरामागे शेडमध्ये चार महिने हाताने उभी केलेली माझी ही पहिली गाडी. रंगाचं काम निम्मं झालं होतं, सीटचं कापड आणून ठेवलं होतं. पण ऑइलमध्ये पाणी गेलं, याचा अर्थ इंजिन पुन्हा खोलायचं. त्या संध्याकाळी पाना हातात धरवेना.

हे पाणी येतं कुठून? इंजिनात जळणाऱ्या वायूचं तापमान क्षणभर दोन हजार अंशांच्या वर जातं, आणि ॲल्युमिनियम तर ६६० अंशांनाच वितळतं. तरी ॲल्युमिनियमचं सिलिंडर हेड शाबूत राहतं, कारण त्याच्या पोटातून पाणी फिरत असतं. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा अशा जुन्या इंजिनात क्रँकशाफ्टला मिळतो. उरलेली ऊर्जा उष्णता होऊन सायलेन्सरवाटे आणि रेडिएटरवाटे बाहेर पडते. आग, पाणी आणि ऑइल या तिघांना एकमेकांपासून दूर ठेवते ती ब्लॉक आणि हेड यांच्यामधली गॅसकेट. ती कुठेही हरली की तिघं एकत्र येतात.

माझ्या गाडीत ती हरली ते रेडिएटरमुळे. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी भरलेलं. अशा पाण्यातला चुना तापल्यावर नळ्यांच्या आत थर होऊन बसतो, आणि हा थर उष्णतेच्या वाटेत पांघरुणासारखा आडवा येतो. गाडी तापली. पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. तेवढ्याच तापमानाला ॲल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावतं. चाळीस सेंटिमीटरचा तुकडा ऐंशी अंशांनी तापला, तर ॲल्युमिनियम पाऊण मिलिमीटर लांबतं आणि बीड त्याच्या निम्मंच. बोल्टांनी जखडलेल्या हेडला लांब व्हायला जागा नसते, मग ते वाकतं. शिवाजी उद्यमनगरातल्या एका शॉपमध्ये हेडवर सरळ पट्टी ठेवून फटीत फिलर गेज सरकवली, तेव्हा मधोमध ०.३ मिलिमीटरची पात आरामात गेली. ०.०५ च्या वर गेलं की दुरुस्ती हवीच.

हेडचं फेसिंग झालं, रेडिएटर आतून साफ झाला, नवी गॅसकेट बसली. पुस्तकात दिलेल्या आकड्यानुसार टॉर्क पान्याने बोल्ट आवळले, मधून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने, तीन टप्प्यांत. आठवड्याभरात पुन्हा तोच दुधाळ फेस.

या दुसऱ्या वेळेने मला खरं शिकवलं. त्या शॉपमधले म्हातारे मिस्त्री हेडचे बोल्ट हातात घेऊन उजेडाकडे धरत म्हणाले, “साहेब, आटे बघा की. गंज तसाच ठेवून आवळलाय. पाना घट्ट सांगतोय, पण बोल्ट ताणलाच न्हाई.” त्यांच्या त्या वाक्यात यंत्रशास्त्राचा एक अख्खा धडा आहे. बोल्ट म्हणजे एक ताठर स्प्रिंग. तो आवळताना किंचित ताणला जातो आणि त्या ताणानेच हेड दाबून धरतो. पण आपण पान्यावर लावतो त्या जोरातला साधारण दहावा हिस्साच ताणाच्या कामी येतो. बाकीचा जोर बोल्टच्या डोक्याखालचं आणि आट्यांमधलं घर्षण खाऊन टाकतं. घर्षण थोडं वाढलं, तरी त्या दहाव्या हिश्शातलं बरंच निघून जातं. आकडा बरोबर आणि दाब अपुरा, असं होतं ते यामुळे. मग प्रत्येक भोकात टॅप फिरवला, आटे वायर ब्रशने घासले, वाऱ्याने साफ केले, पुस्तकात सांगितलं होतं तेवढंच ऑइल लावलं आणि बोल्ट नवे घेतले.

त्या दिवसांत मला वारंवार इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी आठवत. अभियांत्रिकीची पदवी नसलेल्या या माणसाने १९४९ साली आपल्या गावात स्वतःच्या कल्पनेतली दोन आसनी छोटी मोटार उभी केली. पुढे तिचं नाव ‘मीरा’ पडलं. सामान्य माणसाला परवडेल अशी, सुमारे बारा हजार रुपयांत मिळणारी गाडी त्यांना बनवायची होती. स्प्रिंगच्या जागी त्यांनी रबराचं सस्पेन्शन घेतलं. रबर दबलं की अधिक ताठ होतं आणि उसळीतली थोडी ऊर्जा स्वतःच उष्णतेत बदलून टाकतं. त्यामुळे सुट्या भागांची संख्या घटते.

मीराचं इंजिन मागे होतं. सुरुवातीच्या मॉडेलांत ते हवेने थंड होणारं होतं. पाणी नाही, रेडिएटर नाही, पंप नाही. स्वस्त गाडीसाठी यापेक्षा सोपा मार्ग कुठला? पण तेवढीच उष्णता वाहून न्यायला पाण्याच्या जागी हवा वापरायची तर सुमारे साडेतीन हजार पट आकारमानाची हवा लागते. म्हणून सिलिंडरला पातळ फिन्स ओताव्या लागतात, वर हवेचा झोत लागतो. शिवाय पाण्याचं वेष्टन इंजिनाचा आवाजही दाबतं. फिन्स मात्र घंटेसारख्या थरथरत राहतात. हवेच्या इंजिनाचा हा गोंगाट खटकला आणि शेवटच्या मॉडेलसाठी शंकररावांनी पाण्याने थंड होणारं, १४ अश्वशक्तीचं दोन सिलिंडरचं इंजिन केलं. म्हणजे जे टाळून गाडी सोपी करायची होती, तेच परत घेतलं. पंचवीसेक वर्षांच्या श्रमानंतर हा निर्णय घेताना त्यांना काय वाटलं असेल, याचा विचार मी हेडवर कापड फिरवताना करत होतो. या गाडीचं कारखान्यात उत्पादन कधीच सुरू झालं नाही, आणि शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींमधून देशभरच्या वाहनांसाठी ओतकाम जाणाऱ्या कोल्हापूर जिल्ह्यात ती गोष्ट मला आजही टोचते.

तिसऱ्यांदा बांधलेलं इंजिन घेऊन मी जोतिबाच्या डोंगराकडे निघालो. चढावर इंजिनाला जोर जास्त आणि वेग कमी, म्हणजे रेडिएटरला वारा कमी. शिवाय उंचीवर पाणी लवकर उकळतं: कोल्हापुरातच उघड्या भांड्यातलं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, डोंगरावर आणखी अंशभर आधी. रेडिएटरचं झाकण आत दाब धरून ठेवतं, म्हणून पाणी शंभरीच्या पुढेही द्रव राहतं. तापलेलं झाकण उघडू नये ते याचसाठी. वळणं संपली, तापमानाचा काटा मधल्या खुणेच्या थोडा वर येऊन थांबला. डोंगरावरच्या वाडी रत्नागिरीला गाडी सावलीत लावली, अर्धा तास बसलो आणि मग डिपस्टिक ओढली. ऑइल काळं होतं.