को जागर्ति?

कोजागिरीच्या रात्री लक्ष्मी घरोघर हिंडते आणि ‘को जागर्ति?’, म्हणजे कोण जागे आहे, असे विचारते, ही गोष्ट आपण सर्वांनीच लहानपणी आजीच्या मांडीवर बसून ऐकलेली असते. 2012 सालच्या कोजागिरीला हाच प्रश्न मला रात्रभर विचारण्यात आला. फरक इतकाच की विचारणारी लक्ष्मी नव्हती, माझ्या मैत्रिणी होत्या. आणि डोक्यावर चांदणे नव्हते, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर चालून आलेले ‘सँडी’ नावाचे वादळ होते.

लेकीच्या बाळंतपणासाठी मी न्यू जर्सीतल्या एडिसन गावी गेले होते. नात तीन आठवड्यांची. एडिसन म्हणजे मराठी-गुजराती माणसांनी गजबजलेले गाव. ओक ट्री रोडवर गेले की कढीलिंबापासून पूजेच्या वातींपर्यंत सारे मिळते. पण त्या शनिवार-रविवारी दुकानांत लोकांना हवे होते ते पाव, दूध, मेणबत्त्या आणि बॅटरीचे सेल. रविवारी दुपारी जावईबापू चार दुकाने पालथी घालून हात हलवीत परत आले. शेवटी देव्हाऱ्यातली समई घासून पुसून ठेवली, न्हाणीघरातले टब पाण्याने भरले आणि अंगणातल्या कुंड्या आत घेतल्या.

मुंबई-पुण्याच्या पावसात वाढलेल्या बाईला वाऱ्यापावसाचे काय भय, असे मी आधी म्हणत होते. सोमवारी दुपारी घरामागचे जुने ओक कमरेतून वाकू लागले तेव्हा तोंड मिटले.

आमचा बारा जणींचा मेळा

इथे आमच्या मेळ्याची हकीकत सांगितली पाहिजे. मराठी शब्दकोडी सोडवण्याच्या छंदातून बारा जणी संगणकावरच्या पत्रांतून एकत्र आल्या होत्या. कोणी पुण्यात, कोणी नागपुरात, एक चेन्नईला, एक लंडनला, एक टोरांटोला. निम्म्या जणींनी एकमेकींचे तोंडही पाहिलेले नव्हते. घरातली मंडळी ‘आईच्या हवेतल्या मैत्रिणी’ म्हणून थट्टा करीत, आणि ती आम्ही खपवून घेत असू.

आमच्यात वयाने सर्वांत वडील त्या होबोकनच्या ताई. निवृत्त परिचारिका, अडुसष्ट वर्षांच्या, एकट्या राहणाऱ्या. होबोकन हे हडसन नदीच्या काठचे, मॅनहॅटनच्या समोरचे गाव. त्याचा बराच भाग अगदी सखल. तिथे तळघरांत आणि रस्त्याच्या पातळीवर राहणाऱ्यांना आदल्या दिवशीच घरे सोडण्याचा हुकूम झाला होता. ताईंचे बिऱ्हाड रस्त्यापासून पाच पायऱ्या वर. “माझ्या घरी पाणी यायला गंगावतरणच व्हावे लागेल,” असे त्यांनी हसून लिहिले आणि त्या घरीच राहिल्या.

पुण्यात मध्यरात्र झाली तेव्हा आमच्याकडे दुपारचे अडीच वाजले होते. तिकडच्या मैत्रिणी गच्चीवर दूध आटवीत होत्या. नागपूरच्या मैत्रिणीने विचारले, “को जागर्ति?” आणि प्रत्येकीने ‘जागी’ असे एका शब्दात कळवायचे ठरले. थट्टेत ठरलेली ती हजेरी पुढे दोन दिवस चालली.

समुद्र वर का चढला?

आपल्याकडे ज्याला चक्रीवादळ म्हणतात त्यालाच अटलांटिकच्या बाजूला हरिकेन हे नाव आहे. मात्र त्यासाठी वाऱ्याचा वेग ताशी 119 किलोमीटरच्या पुढे जावा लागतो. अशी वादळे अमेरिकेच्या किनाऱ्याकडून वर सरकली की बहुधा उजवीकडे वळून भर समुद्रात विरून जातात. सँडीची वाट मात्र ग्रीनलंडच्या बाजूला ठाण मांडून बसलेल्या उच्च दाबाच्या हवेने अडवली. पश्चिमेकडून आलेल्या थंड हवेच्या पट्ट्याने त्याला आत ओढले आणि ते डावीकडे, थेट न्यू जर्सीवर वळले. त्याचा विस्तार असा की जोरदार वाऱ्याचा घेर सुमारे 1600 किलोमीटर भरला. 29 ऑक्टोबरला संध्याकाळी साडेसातच्या सुमारास ते ब्रिगँटाइन गावाजवळ किनाऱ्याला लागले तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी सुमारे 130 किलोमीटर होता.

पण खरा घात वाऱ्याने केला नाही, पाण्याने केला. कोजागिरी म्हणजे पौर्णिमा, आणि पौर्णिमेला समुद्राला उधाण असते, हे कोकणातल्या पोरालाही ठाऊक असते. वादळाने ढकललेले पाणी नेमके त्या उधाणाच्या भरतीवर स्वार झाले. मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला, बॅटरीपाशी, पाणी ओहोटीच्या नेहमीच्या पातळीपासून सुमारे 14 फूट चढले. 1960 सालच्या डोना वादळातली उंची 10 फुटांच्या आसपास होती. साडेआठच्या सुमारास पूर्व नदीकाठच्या एका वीजकेंद्रात स्फोट झाला आणि मॅनहॅटनचा खालचा भाग काळोखात बुडाला.

आमचे दिवे त्याआधीच गेले होते. समईच्या उजेडात लेक बाळाला पाजत होती आणि मी खिडकीपासून दूर, जिन्याखाली, हातात फोन धरून बसले होते.

“ताई, वर जा हो!”

आठाच्या पुढे ताईंचा निरोप आला: “रस्त्यावर पाणी. दोन पायऱ्या बुडाल्या.” थोड्या वेळाने: “तीन.”

वरच्या मजल्यावर कोण राहते, असे आम्ही विचारले. एक इटालियन म्हातारी, असे उत्तर आले. सहा वर्षे एका जिन्याने वरखाली करूनही दोघींचे ‘गुड मॉर्निंग’च्या पुढे कधी बोलणे झाले नव्हते. आमच्यापैकी प्रत्येकीने लिहिले, “ताई, वर जा. दार ठोठवा.” त्यांचे उत्तर: “इतक्या रात्री परक्याचे दार कसे वाजवू?”

हसू नका, वाचकहो. आयुष्यभर दुसऱ्यांची सेवा केलेल्या माणसाला दुसऱ्याच्या दारात उभे राहणे किती जड जाते, हे आपल्याही घरांत आपण पाहिलेले असते. शेवटी चेन्नईची मैत्रीण, जी ताईंशी नेहमी लेकीसारखी भांडे, तिने लिहिले, “तुम्ही वर गेल्याचे कळेपर्यंत मी चहासुद्धा घेणार नाही.” तिकडे पहाटेचे सहा वाजून गेले होते.

त्यावर काही उत्तर आले नाही. दहा वाजले, अकरा वाजले. ‘को जागर्ति?’ला दहा जणींची उत्तरे आली, मी अकरावी. बारावे आले नाही.

अंधारातले डोळे

त्या रात्री एक गोष्ट मला नव्याने उमगली. वादळाच्या पोटात जो असतो, त्यालाच वादळाची खबर सर्वांत कमी असते. आमच्या घरात दूरचित्रवाणी बंद, संगणक बंद. उलट पुण्या-लंडनच्या मैत्रिणींना सारे दिसत होते. मग त्याच आमचे डोळे झाल्या. बातम्या वाचायच्या आणि त्यातले कामाचे तेवढे चार शब्दांत कळवायचे, असे त्यांनी वाटून घेतले.

चार शब्दांतच का, तेही सांगते. दहा राज्यांतल्या वादळग्रस्त भागात मोबाइलच्या दर चार मनोऱ्यांपैकी एक बंद पडला होता. उरलेल्यांवर गर्दी. फोनवर बोलायचे तर वाट सतत मोकळी लागते. छोटा लेखी निरोप मात्र फट सापडेल तसा सरकतो, आणि फट नसली तर थांबून राहतो. म्हणून बोलणे जुळत नव्हते तरी निरोप पोचत होते. “पाण्यात विजेच्या तारा. बाहेर पडू नका,” हा होबोकनकरांसाठीचा इशारा ताईंच्या नावे पुण्याहून पाच वेळा पाठवला गेला, एक तरी पोचेल या आशेने.

अफवांचाही पूर आला होता. न्यूयॉर्कच्या शेअर बाजाराच्या सभागृहात तीन फूट पाणी शिरल्याची आवई वार्ताहरांनीसुद्धा खरी मानली. ती साफ खोटी निघाली. न्यू जर्सीच्या रस्त्यात शार्क पोहत असल्याचे चित्रही असेच बनावट होते. आमच्या लंडनच्या मैत्रिणीने नियमच केला की दोन ठिकाणी पडताळल्याशिवाय पुढे काही धाडायचे नाही.

आपण ज्याला हवेतले म्हणतो त्याची मुळे जमिनीतच असतात, हेही तेव्हा दिसले. मॅनहॅटनमधल्या इमारतींच्या तळघरांत पाणी शिरताच तिथल्या संगणकांवर चालणारी मोठमोठी वृत्तस्थळे जगभर बंद पडली. ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका इमारतीत इंधन वर चढवणारा पंप बुडाला, तेव्हा तिथल्या कंपन्यांतल्या माणसांनी साखळी करून बादल्यांनी डिझेल सतरा मजले वाहून नेले आणि जनित्र चालू ठेवले. कुठल्यातरी दोन जिवांचा निरोप इकडून तिकडे जावा म्हणून अंधाऱ्या जिन्यात कोणीतरी बादली वाहत होते!

बारावी हजेरी

मंगळवार गेला. होबोकनमध्ये वीस हजारांच्या आसपास माणसे घरांत अडकल्याचे कळले. बुधवारी लष्कराच्या उंच गाड्या पाण्यातून तिथे पोचल्या. त्याच दिवशी इकडे ‘नीलम’ चक्रीवादळ महाबळीपुरमजवळ किनाऱ्याला लागले आणि आमच्या चेन्नईच्या मैत्रिणीचे दिवे गेले! सोमवारी जी आमच्यासाठी जागली, तिच्यासाठी आता आम्ही जागत होतो. जावईबापू मोटार अंगणात उघड्यावर उभी करून तिच्यावर फोन भरून आणीत.

रात्री नऊला फोन थरथरला. ताईंचा निरोप, एकच शब्द: “जागी.”

मागाहून सारी हकीकत कळली. चौथी पायरी बुडताना त्यांनी धीर करून वरचे दार वाजवले होते. दार लगेच उघडले. ती इटालियन म्हातारी हातात मेणबत्ती घेऊन आत उभीच होती. खाली जाऊन शेजारणीला बोलवावे की नको, याचाच विचार तीही तासभर करीत होती. पाणी पाचव्या पायरीला लागून थांबले. फोन मात्र मुका झाला होता. वीज असलेल्या एका भल्या गृहस्थाने लोकांसाठी खिडकीतून रस्त्यावर तार सोडली, तिच्यावर तो भरला गेला.

सगळ्यांच्या वाट्याला असे दार आले नाही. अमेरिकेत या वादळाने थेट घेतलेले बळी 72. त्याशिवाय सुमारे 50 माणसे वादळ ओसरल्यावर, वीज नसल्यामुळे गेली: कोणी थंडीने, कोणी वृद्ध अंधारात पडून, तर कोणी घरात किंवा दाराशी लावलेल्या जनित्राच्या विषारी धुराने. म्हणून सांगते, जनित्र आणि शेगडी कधीही बंद जागेत लावू नका. फोन आधीच भरून ठेवा आणि जपून वापरा. महत्त्वाचे नंबर कागदावर लिहा. आणि दूरच्या एका माणसाशी ठरवून ठेवा की मी अमुक वेळेला ‘जागी’ म्हणून कळवीन.

आमची वीज आठव्या दिवशी आली आणि दुसऱ्याच दिवशी बर्फ पडले. पेट्रोलही गाडीच्या नंबराप्रमाणे, सम-विषम दिवसांनी मिळत होते. तो निर्बंध 13 नोव्हेंबरला सकाळी उठला, आणि तोच लक्ष्मीपूजनाचा दिवस होता. जावईबापू होबोकनला गेले आणि ताईंना घेऊन आले. मी त्यांना प्रथमच पाहत होते. त्यांच्यामागे गाडीतून आणखी एक म्हातारी उतरली, हातात केकचा डबा सांभाळीत. ताई म्हणाल्या, “ही माझी वरची शेजारीण.”

लेकीने दोघींच्या पुढ्यात चकल्यांची ताटली ठेवली. शेजारीणबाईंनी एक चकली उचलली, उजेडाकडे धरून तिचे वेटोळे निरखले आणि काहीतरी म्हणाल्या. ताई हसून हसून बेजार झाल्या. त्यांनी आम्हांला अर्थ सांगितला: “म्हणतात, हे तर वादळाचे चित्र आहे!”

आणि त्यांनी ते कडाकड चावून खाल्ले.