बंधाऱ्याच्या पोटातला महाल

बालाघाटाच्या माळावर आता पवनचक्क्या गरगरताना दिसतात. नाव चक्की, पण दळण मूठभरही नाही. पोलादी नळकांड्यात एक शिडी आणि टोकाला जनित्र. तिथं बिऱ्हाड कोण थाटणार? हॉलंडात मात्र थाटली गेली. किंडरडाइकच्या 19 चक्क्या, बहुतेक 1740च्या आसपासच्या, सखल जमिनीतलं पाणी उपसायच्या. राखणदार बायकामुलांसह आतच राहायचा, डोक्यावर लाकडी चाकं करकरत असताना. अजूनही त्यांतल्या काहींत संसार चालू आहेत.

पाण्याशी झुंजणाऱ्या बांधकामातच राहण्याची जागा करायची, हे नळदुर्गात त्याच्या सव्वाशे वर्षं आधी घडलं होतं. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613च्या सुमारास, बोरी नदीवर दगडी बंधारा उभा राहिला. मुख्य किल्ला आणि पलीकडचा रणमंडळ हा जोडकिल्ला त्यानं जोडले. माथ्यावरून वाट, मागे तळं आणि भिंतीच्या पोटात पाणीमहाल!

स्थापत्याच्या विद्यार्थ्याला ही खोली अंमळ खटकावी. पाणी 10 मीटर खोल असेल, तर तळाशी दर चौरस मीटरला 10 टनांचा दाब येतो. पाण्याची खोली दुप्पट झाली, की भिंतीवरचा एकूण रेटा चौपट होतो. असा बंधारा या रेट्यापुढे टिकतो तो स्वतःच्या वजनावर. आणि खोली काढायची म्हणजे तेच वजन घटवायचं. भिंत गरजेपेक्षा जाड असेल तरच हा चैनीचा खेळ परवडतो. चारशे पावसाळ्यांनंतरही भिंत उभी आहे, म्हणजे गवंड्यांचा अंदाज चुकला नाही. मला तर राजाच्या हौसेपेक्षा या अंदाजाचंच कौतुक जास्त वाटतं.

नदी भरली की जादा पाणी दोन सांडव्यांतून कोसळतं. लोक त्यांना नर आणि मादी म्हणतात. माथ्यावरून पाणी वेगानं सुटतं, त्यामुळे ते भिंतीला चिकटून न ओघळता पुढं झेपावतं. जिना उतरून महालात गेलं, की बाहेर पाणी कोसळत असतं आणि आपण कोरडे. उडणाऱ्या तुषारांचं बाष्प होताना हवेतली उष्णता खेचली जाते, गारवा फुकटचा.

अर्थात बोरी दरसाल भरतेच असं नाही. म्हणून पावसाळ्यात सोलापूरहून निघण्याआधी लोक नळदुर्गच्या पाहुण्याला फोन लावतात: नर-मादी सुरू झाले का?