एक नोंद, अनेक कामे

संस्थेच्या कपाटात सभासदांची वही निराळी, ग्रंथालयाची निराळी, शिष्यवृत्तीची निराळी. माणूस तोच, पण त्याचा पत्ता तीन वह्यांत तीन तऱ्हांचा. संगणकावर प्रत्येक कामाला वेगळे खाते उघडले की हाच घोळ नव्याने सुरू होतो. त्यावर उपाय म्हणजे निर्देशिका, अर्थात डिरेक्टरी. माणसाची नोंद एकाच ठिकाणी ठेवायची आणि बाकीच्या कामांनी तिथे विचारणा करायची. विचारणेची 'एलडॅप' ही पद्धत १९९३ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात तयार झाली. पवईच्या आयआयटीतील विद्यार्थी याच नावाच्या खात्याने आपली कामे करतात.

झरीच्या आमच्या विद्यार्थी मित्रांना हे एका संगणकावर करून पाहता येईल. 'ओपनएलडॅप' हे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. त्यातील मांडणी झाडासारखी असते. खोड संस्थेचे, एक फांदी व्यक्तींची, दुसरी गटांची. चार-पाच काल्पनिक नोंदी भराव्यात. खऱ्या सभासदांची माहिती सरावाला घेऊ नये. मग नाव व पासवर्ड विचारणारे एक साधे वेब पान तयार करावे. ते पान निर्देशिकेत नोंद शोधते आणि पासवर्ड तिच्यापुढे ठेवते. होकार आला तर माणूस आत. पुढे तो कोणत्या गटात आहे हे पाहून त्याला कामे दाखवली जातात. पासवर्ड पानाने स्वतःजवळ ठेवायचा नाही.

आता अडचणीची जागा. व्यक्तीच्या प्रचलित नमुन्यात आडनावाचा रकाना सक्तीचा आहे. तो रिकामा ठेवला तर नोंदच होत नाही. शहरात भाड्याची खोली शोधताना आडनाव कशासाठी विचारतात, हे आपल्या मुलांना सांगायला नको. कित्येकांनी तर ते लावणेच सोडले आहे. अशांनी रकान्यात वडिलांचे किंवा स्वतःचेच नाव घातले तरी यंत्राची हरकत नसते. याहून मोठी गोष्ट अशी की वाचनाचे नियम लिहिलेच नाहीत, तर ओपनएलडॅप पासवर्डाशिवाय कोणालाही सर्व नोंदी वाचू देते. आडनाव आणि फोन नंबर कोणी पाहावेत, हा नियम पहिल्याच दिवशी लिहावा.

अधिकार मात्र नावाला न जोडता गटाला जोडावेत. बँकेत आम्ही व्यवहाराची नोंद करतो, मंजुरी दुसरा देतो. एकाच व्यवहारात दोन्ही कामे एकाला करता येत नाहीत. पावती लिहिणारे आणि खर्च मंजूर करणारे असे दोन गट संस्थेतही ठेवावेत. भिक्खूंना निवासस्थाने नेमून देण्याचे काम संघाने दब्ब मल्लपुत्त यांच्यावर संमतीने सोपवले होते, असे विनयपिटकात आहे. पद हे असे सोपवलेले असते.

मुदत संपली की गटातून नाव काढावे, व्यक्तीची नोंद तशीच राहू द्यावी. मात्र नेहमीच्या नमुन्यात रिकामा गट चालत नाही, एकुलते एक नाव काढू गेल्यास यंत्र नकार देते. तेव्हा नव्या कोषाध्यक्षांचे नाव आधी घालावे, मग जुन्यांचे काढावे.