नावाचा सालमन, चवीचा रावस

हल्ली अंधेरी-बोरिवलीच्या मासळीबाजारात एक प्रश्न हमखास कानावर येतो, ‘मावशी, सालमन आहे का?’ आणि मावशी जराही न अडखळता पाटीतला रावस उचलून दाखवतात, ‘हा काय ताई, इंडियन सालमन!’ यात मावशी खोटं बोलत नाहीत. मोठमोठ्या हॉटेलांच्या मेनूकार्डवरही रावसाला हेच नाव आहे. ऑस्ट्रेलियातसुद्धा याला ‘ब्लू सालमन’ म्हणतात. पण मैत्रिणींनो, रावस आणि सालमन यांचं नातं आडनावबंधूंइतकंसुद्धा नाही!

सालमन हा थंड पाण्याचा मासा. नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा नदीत येतो. आपल्याकडे मॉलमध्ये मिळतो तो बहुतेक नॉर्वेसारख्या देशात जाळीच्या पिंजऱ्यात वाढवलेला, बर्फात घालून आणलेला. त्याचा तो केशरी-गुलाबी रंग अ‍ॅस्टॅझँथिन नावाच्या रंगद्रव्याचा, आणि पाळलेल्या माशाला ते खाद्यातून दिलं जातं. रावस मात्र आपल्या खाड्यांच्या तोंडाशी, गढूळ पाण्यात वावरणारा. त्याच्या शास्त्रीय नावातल्या ‘टेट्राडॅक्टायलम’चा अर्थ चार बोटांचा. गळ्याशी दोन्ही बाजूंना चार-चार लांब दोरे असतात, त्यांनी तो तळ चाचपत भक्ष्य शोधतो. मावशी सपासप डोकं उडवतात, त्यामुळे हे दोरे आपल्या नजरेला पडतच नाहीत. पुढच्या वेळी अख्खा मासा हातात घेऊन बघा. आणखी एक गंमत म्हणजे रावस आधी नर असतो आणि मोठा झाला की मादी होतो. म्हणजे बाजारातला तो ऐटबाज, हातभर लांबीचा रावस बहुधा ‘तो’ नसून ‘ती’ असते.

आता कुणी म्हणेल, नावात काय आहे? नावात पैसे आहेत. ‘आठवड्यातून दोनदा सालमन खा, ओमेगा-३ मिळेल’ हा सल्ला वाचून किंवा ऐकून कितीतरी जणी घरखर्चातून वाचवलेल्या पैशांत तो महागडा तुकडा आणतात. आणि सगळ्या घराला पुरत नाही म्हणून स्वतःच्या पानात वाढून घेत नाहीत, हे वेगळंच. ओमेगा-३ हवं असेल तर त्यासाठी ना सालमन लागतो, ना रावस. आपला बांगडा आणि तारली या तेलकट मासळीत ते भरपूर असतं आणि त्यांच्या किमतीत महिनाभर घर खाऊ शकतं. रावस आणायचा तो चवीसाठी. एकदा हे डोक्यात पक्कं बसलं की पैसे मोजताना फसल्यासारखं वाटत नाही.

सालमनसाठी जो लिंबू-संत्र्याचा बटर सॉस करतात, तो माझ्या मते रावसालाच जास्त शोभतो. सालमन मुळात चरबीदार, त्यावर पुन्हा लोणी म्हणजे साजूक तुपातल्या शिऱ्यावर आणखी तूप. रावसाचं मांस पांढरं, घट्ट आणि कमी चरबीचं. तव्यावर दोन मिनिटं जास्त राहिला की कोरडा पडलाच. त्याला लोण्याची खरी गरज.

मासा घेताना कल्ले लालबुंद आहेत का, डोळे चकचकीत आहेत का आणि बोटाने दाबलं तर मांस परत वर येतं का, हे बघा. मावशींना सांगा, काटा काढून पण साल ठेवून तुकडे करून द्या. चार माणसांना चार तुकडे, पाऊण इंच जाडीचे. घरी आल्यावर धुऊन स्वच्छ फडक्याने अगदी कोरडे टिपा. ओला तुकडा तव्यावर वाफवतो आणि चिकटतो, लाल होत नाही. मीठ-मिरपूड लावून दहा मिनिटं ठेवा. आपल्याला सवयीने लिंबू चोळायचा मोह होतो, तो आवरा. लिंबाच्या आंबटाने मांस आधीच पांढरं पडून घट्ट होतं आणि मग तव्यावर भुसभुशीत होतं.

तवा चांगला तापला की दोन चमचे तेल घालून सालीची बाजू खाली ठेवा. चार मिनिटं हात लावू नका. साल कुरकुरीत झाली की आपणहून सुटते. उलटून दोनेक मिनिटं, की पाकळ्या सुटायला लागतात. लगेच ताटलीत काढा.

त्याच तव्यात मंद आचेवर दोन लसणीच्या पाकळ्या बारीक चिरून परता. एका नागपुरी संत्र्याचा रस गाळून ओता आणि निम्मा होईपर्यंत आटवा. आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या आगेमागे येतात, तेव्हा बाजारात ताजा रावसही असतो. मोसंबी मात्र नको, तिचा रस तापला की कडवट होतो. आता गॅस बंद. मग एक चमचा लिंबूरस, थोडी किसलेली संत्र्याची साल (फक्त वरची केशरी, आतला पांढरा भाग कडू असतो) आणि फ्रीजमधलं थंडगार बटर, पन्नास ग्रॅम, लहान तुकडे करून एकेक घालत तवा गोल फिरवत राहा. सॉस दाटसर, चमकदार होतो. बटर गॅसवर उकळलं तर तूप वेगळं, रस वेगळा. तसं झालंच तर चमचाभर थंड पाणी घालून जोरात ढवळा, बहुतेक वेळा पुन्हा जमून येतं. अमूलच्या बटरमध्ये मीठ असतंच, म्हणून सॉसमध्ये वेगळं मीठ नको. आवडत असेल तर एक हिरवी मिरची उभी चिरून घाला, कुणी शेफ बघायला येत नाही!

मुलुंड-घाटकोपरच्या काही सोसायट्यांत मासळीच्या वासावरून तोंडं वाकडी होतात, हे तिथे राहणाऱ्या मैत्रिणींना वेगळं सांगायला नको. घर भाड्याचं असेल तर ही धास्ती जास्तच. या पद्धतीत तळणीचा धूर नाही आणि जो वास येतो तो संत्र्याचा आणि लसणीचा. पण वास रेंगाळतो तो कचऱ्यात. साली-काटे पिशवीत बांधून कचरागाडी येईपर्यंत फ्रीजरमध्ये ठेवायचे.

सोबत भात चालतो, पण मला लादीपाव आवडतो, सॉस पुसून घ्यायला. आणि हो, डोकं मावशींकडे सोडून येऊ नका. ते मागून घ्या. दुसऱ्या दिवशी ओल्या खोबऱ्याच्या वाटपात, चार-पाच तिरफळं ठेचून घालून आणि कोकम टाकून त्याचं कालवण करा.